विडा उचलणे : एका वाक्प्रचाराची जन्मकथा

ठाण्याहून खाडीचा पूल ओलांडला की कळव्याची वस्ती लागते आणि तिच्यापुढे पारसिकचा डोंगर आडवा उभा असतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आलेल्या आगगाडीला कल्याण गाठण्यासाठी खाडी आणि डोंगर हे दोन्ही अडथळे पार करावयाचे होते. १८५४ मध्ये ते काम तडीस गेले. पुढे १९१६ मध्ये कळवा व मुंब्रा यांच्या दरम्यान सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा पारसिक बोगदा खुला झाला. असे अवघड काम अंगावर घेणाऱ्याने ‘विडा उचलला’ असे मराठी माणूस म्हणतो. इंग्रजीत त्याने ‘हातमोजा उचलला’ असे म्हणतात. दोन्ही भाषांत आव्हानाचा स्वीकार एखादी वस्तू उचलूनच होतो. मात्र त्या दोन वस्तूंमागील रिवाज निराळे आहेत.

युरोपातील मध्ययुगीन सरदार प्रतिस्पर्ध्यासमोर आपला लोखंडी हातमोजा फेकीत असे. तो उचलणारा द्वंद्वयुद्धास सिद्ध झाला, असे मानले जाई. इंग्लंडच्या राज्याभिषेकाच्या मेजवानीत राजाचा वीर असाच हातमोजा टाकून राजाचा हक्क नाकारणाऱ्यास आव्हान देई. १८२१ मध्ये चौथ्या जॉर्जच्या राज्याभिषेकप्रसंगी हा विधी शेवटचा झाला.

आपल्याकडील रिवाज दरबारी आहे. कठीण कामगिरी निघाली की भरदरबारात तबकात पानाचा विडा ठेवला जाई आणि जो ती पत्करील त्याने पुढे होऊन तो उचलावयाचा असे. यालाच ‘पैजेचा विडा’ म्हणत. हिंदीतील ‘बीडा उठाना’ हा प्रयोग याच रिवाजाचा साक्षीदार आहे. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांवर चालून जाण्यासाठी विजापूरच्या दरबारात अफझलखानाने विडा उचलला, ही कथा महाराष्ट्रात परंपरेने सर्वश्रुत आहे. त्या मोहिमेचा शेवट १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाच्या वधाने झाला. विडा उचलल्याने यश पदरात पडतेच असे नाही. उचलणारा केवळ आपला शब्द गुंतवितो, हे या कथेवरून ध्यानी येते.

याच अर्थाचे इतर मराठी वाक्प्रचार जीवनाच्या वेगवेगळ्या क्षेत्रांतून आले आहेत. ‘शड्डू ठोकणे’ व ‘दंड थोपटणे’ हे कुस्तीच्या आखाड्यातले. ‘कंबर कसणे’ हे प्रवासाला वा लढाईला निघणाऱ्याचे, तर ‘पदर खोचणे’ हे कामाला भिडणाऱ्या स्त्रीचे. यांत सूक्ष्म भेद आहे. शड्डू ठोकणारा दुसऱ्याला आव्हान देतो, कंबर कसणारा स्वतःची तयारी करतो. विडा उचलणारा मात्र सभेने पुढे ठेवलेले काम सर्वांदेखत स्वीकारतो. इंग्रजी शिकविताना शिक्षकांनी हा भेद उलगडून दाखविल्यास विद्यार्थ्यांना दोन्ही भाषांची गोडी लागेल. ‘हातमोजा उचलणे’ असे शब्दशः भाषांतर केले, तर मात्र मुलांच्या हाती काहीच लागणार नाही.

आज सभा-समारंभांतून हा वाक्प्रचार वारंवार कानी पडतो. ‘गाव स्वच्छ करण्याचा विडा आम्ही उचलला आहे,’ असे वाक्य ठरावात लिहिणे सोपे असते. परंतु मूळ रिवाजात तीन गोष्टी अटळ होत्या : काम नेमके असे, उचलणारा एक असे आणि सभा साक्षीला असे. ग्रामसभेच्या ठरावात कोणते काम, कोणाकडे आणि किती मुदतीत, हे नोंदले गेले नाही, तर विडा तबकातच राहिला असे समजावे. दरबार इतिहासजमा झाले. पण सर्वांसमक्ष दिलेल्या शब्दाची जबाबदारी या दोन शब्दांनी आजही जपून ठेवली आहे.