हास्यांतून उभा राहिलेला निधि

एटापल्लीसारख्या वनप्रदेशांत लोकसेवेस वाहून घेणाऱ्याच्या भाकरीची तरतूद कोणीं करावी? या प्रश्नाचें एक उत्तर नटांनीं दिलें. कै. निळू फुले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांतून पुढें आले. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगानें लोकांस हंसवून त्यांनीं कीर्ति मिळविली. पुढें डॉ. श्रीराम लागू प्रभृति नटांसह त्यांनीं आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’ या विनोदी नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीस द्रव्य मिळवून दिलें. मुद्दल राखावें व व्याजांतून कार्यकर्त्यांस मानधन द्यावें, ही त्याची रीति. फुले २००९ सालीं निवर्तले. आपली झाडीपट्टी तर नाटकवेडी! त्यांच्या स्मरणार्थ एखादा प्रयोग करून उत्पन्न गरजूंस द्यावें. पुष्पहाराहून तो सन्मान मोठा, असें आम्हांस वाटतें.