मुठीवरचा काळा रंग

सुताराची जुनी पटाशी हातात घेऊन पाहा. तिच्या मुठीवर काळा रंग दोन जातींचा असतो. एक कारागिराने लावलेला, दुसरा वापरणाऱ्या हाताने चढवलेला. जिथे पहिला उडतो, तिथेच घाम आणि तेल मुरून दुसरा गडद होत जातो. जुनी हत्यारे नवी करायला निघालेली मंडळी हा फरक विसरतात आणि थेट पॉलिशपेपर हाती घेतात.

शेजारच्या एका तरुणाने वडिलांची हत्यारे मला दाखवायला आणली. ‘काका, सगळं घासून नव्यासारखं काळं करतो,’ म्हणाला. मी त्याला डोळे मिटून मूठ धरायला सांगितली. अंगठा आपसूक एका खोलगट जागी जाऊन बसला. ती वडिलांच्या अंगठ्याने झिजवलेली जागा. पॉलिशपेपरने आधी तीच गेली असती.

रंग कोणता, हे आधी ओळखावे. एका कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवावा. थर चिकट होऊन काळे कापडाला लागले, तर ते बहुधा चपड्याचे, म्हणजे लाखेचे पॉलिश. मग स्पिरिटात विरघळवलेल्या पातळ चपड्यात थोडी काजळी मिसळून उडालेल्या जागा तेवढ्याच भराव्यात.

लाकूड अगदीच उघडे पडले असेल, तर जुना उपाय आहे. लोखंडी खिळे आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवावेत. आत वायू तयार होतो, म्हणून झाकण सैल हवे. लाकडावर आधी हिरड्याचा काढा लावून वाळू द्यावा, वरून हे लोखंडी पाणी फिरवावे. हिरड्यातले टॅनिन आणि लोखंड एकत्र येताच लाकूड बघता बघता काळे पडते. बाभळीच्या लाकडात टॅनिन मुळातच असते. जुन्या काळ्या शाईमागची किमयाही हीच. हा रंग लाकडात मुरतो, त्यामुळे त्याचे पापुद्रे निघत नाहीत.

शेवटी अळशीच्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि जास्तीचे पुसून घ्यावे. तेलाच्या चिंध्या मात्र चुरगळून टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

हिशेबाच्या वहीत झिजेला घसारा म्हणतात आणि वस्तूची किंमत दरवर्षी उतरवतात. हत्याराच्या मुठीला हा नियम लावू नये. तिथे झीज हीच एका माणसाच्या कामाची उरलेली नोंद असते. रंग जरूर द्यावा, पण ती नोंद वाचता येईल एवढाच.