शेक, लाइट आणि प्रतिकारशक्ती

‘शेक’ हा आपल्या घरातला जुना, आश्वासक शब्द. गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर ठेवली तरी शेक, फिजिओथेरपीच्या यंत्राने ऊब दिली तरी शेक, आणि कर्करोगावर किरणोपचार झाले तरीही अनेक घरांत ‘शेक दिला’ किंवा ‘लाइट दिली’ असेच म्हणतात. या एकाच शब्दामुळे दोन प्रकारचे घोटाळे होतात. सोरायसिससाठी लाइट सुचवली की कुटुंबाला कर्करोगाची शंका येते; आणि खरोखर किरणोपचार सुचवले असतील, तर ते साधा शेक समजून कुणी चार प्रश्नही विचारत नाही. आमवात, सोरायसिस, थायरॉइड यांसारख्या आजारांच्या घरांत हा फरक नीट ठाऊक असायला हवा.

किरण पेशींना काय करतात?

ऑटोइम्यून आजारात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते. या हल्ल्यात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी अग्रभागी असतात. शरीरातील बहुतेक पेशी किरणांनी इजा झाली तरी काही काळ तग धरतात. लिम्फोसाइट मात्र अल्प मात्रेनेही काही तासांत मरू लागतात. म्हणूनच किरणांनी ही उलटलेली फौज आवरता येईल, असा विचार वैद्यकशास्त्रात पुढे आला. अडचण एवढीच, की न्यूमोनियाशी लढणारी पेशी कोणती आणि सांध्यावर चालून जाणारी कोणती, हे किरणांना ओळखता येत नाही.

इतिहासाने मोजलेली किंमत

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या आजारात पाठीचा कणा हळूहळू ताठ होत जातो. ब्रिटनमध्ये १९३५ ते १९५४ या काळात अशा हजारो रुग्णांच्या मणक्यांना क्ष-किरणांचे उपचार दिले गेले. वेदना खरोखरच कमी होत. रुग्ण समाधानी असत. पुढे कोर्ट ब्राउन आणि रिचर्ड डॉल या संशोधकांनी या रुग्णांचा मागोवा घेतला. त्यांच्यात रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असल्याचे त्यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले. आराम काही आठवड्यांत मिळाला होता, किंमत काही वर्षांनी द्यावी लागली.

दुसरा प्रयत्न अमेरिकेत झाला. हॉजकिन्स या लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी सर्व प्रमुख लसिकाग्रंथींवर किरण दिल्यानंतर रुग्णांची प्रतिकारशक्ती दीर्घकाळ मंदावलेली राहते, असे स्टॅनफर्ड येथे दिसून आले होते. तीच पद्धत औषधांना दाद न देणाऱ्या आमवाताच्या मोजक्या रुग्णांवर वापरण्यात आली आणि १९८१ मध्ये दोन छोट्या अभ्यासांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सांध्यांची सूज उतरली, पण जंतुसंसर्गाचा धोका मागे लागला. लवकरच मेथोट्रेक्सेट आणि त्यानंतर बायॉलॉजिक औषधे आली. मात्रा कमी-अधिक करता येणारे, गरज पडल्यास थांबवता येणारे औषध हाती असताना, एकदा दिल्यावर परत न घेता येणारे किरण मागे पडले.

आज किरणांना स्थान कोठे?

*त्वचा.* सोरायसिस व कोड यांसाठीची ‘लाइट’ ही बहुधा अतिनील किरणांची असते. ती त्वचेतील लिम्फोसाइटांना शांत करते. अस्थिमज्जेपर्यंत पोहोचत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा ती घ्यावी लागते आणि त्या वेळी डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. ल्युपसच्या रुग्णांचा आजार मात्र अतिनील किरणांनी बळावतो.

*डोळे.* ग्रेव्हज या थायरॉइडच्या आजारात डोळ्यांमागील स्नायू सुजून डोळे पुढे येतात, एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. काही निवडक रुग्णांना डोळ्यांमागील भागात सुमारे २० ग्रे इतके किरण दहा हप्त्यांत, दोन आठवड्यांत दिले जातात. बहुधा जोडीला स्टेरॉइड असते. मधुमेहाने ज्यांचा दृष्टिपटल बिघडला आहे, त्यांना हा उपचार देऊ नये.

*स्क्लेरोडर्मा.* त्वचा आणि फुफ्फुसे कठीण करत नेणाऱ्या या आजाराच्या तीव्र अवस्थेतील ७५ रुग्णांचा अमेरिकन अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला फुफ्फुसे व मूत्रपिंडे झाकून संपूर्ण शरीरावर किरण दिले, सोबत तीव्र औषधे दिली आणि मग त्यांच्याच मूळ पेशी परत दिल्या. सहा वर्षांनी या गटात ८६ टक्के, तर औषधाच्या गटात ५१ टक्के रुग्ण हयात असल्याचा अंदाज निघाला. मात्र प्रत्यारोपण गटातील सुमारे सहा टक्के रुग्णांचा मृत्यू उपचारामुळेच ओढवला. ७० वर्षांचे व त्याहून मोठे रुग्ण या अभ्यासात घेतलेच नव्हते, हे ज्येष्ठ वाचकांनी ध्यानात ठेवावे.

निष्कारण भीती नको

छातीच्या एका एक्स-रेत साधारण ०.१ मिलिग्रे किरण असतात. डोळ्यांसाठीच्या उपरोक्त उपचाराची एकूण मात्रा त्याच्या लाखाहून अधिक पट आहे. तेव्हा ‘एक्स-रेने प्रतिकारशक्ती जाईल’ या भीतीने आवश्यक तपासणी टाळू नका. फिजिओथेरपीतील शॉर्टवेव्ह यंत्र किंवा तांबडा दिवा केवळ ऊब देतो. प्रतिकारशक्तीशी त्याचा संबंध नाही. तरीही पेसमेकर असलेल्यांनी शॉर्टवेव्ह यंत्रापासून दूर राहावे, आणि मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर कोणताही शेक जपूनच द्यावा.

सोबत जाणाऱ्यांनी विचारायचे प्रश्न

• हा शेक उष्णतेचा, अतिनील किरणांचा, की क्ष-किरणांचा?
• शरीराच्या कोणत्या भागावर, किती वेळा?
• औषधांनी हेच साधणार नाही का?
• यापूर्वी किरणोपचार झाले आहेत, हे डॉक्टरांना सांगितले का?
• उपचारानंतर ताप आला तर कोणाला, किती लवकर कळवायचे?
• या काळात कोणत्या लसी घ्याव्यात आणि कोणत्या टाळाव्यात?

आणखी एक विनंती. घरातील कोणी आमवातासाठी मेथोट्रेक्सेट घेत असेल, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नव्हे. गोळीचा वार कॅलेंडरवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा. पूर्वी किरणांकडून जे साधायचे होते, ते आज ही गोळी साधते. तिच्यातही प्रतिकारशक्ती दाबण्याचे तेच सामर्थ्य आहे, म्हणून तिची मात्रा सांभाळणे हे घरातल्या सर्वांचे काम आहे.