लम्पीच्या विषाणूची वेळकाढू लढाई

२०२२च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात आढळलेला लम्पी त्वचारोग काही आठवड्यांतच अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील गोठ्यांत शिरला. संकरित गायींच्या दुधावर प्रपंच चालणाऱ्या या जिल्ह्यात अंगभर गाठी उठलेली, वैरण सोडलेली जनावरे दिसू लागली, राज्यभर जनावरांचे बाजार बंद करावे लागले आणि दगावलेल्या गायीमागे ३० हजार रुपयांची मदत शासनाने जाहीर केली.

चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड यांच्यामार्फत हा विषाणू त्वचेत उतरतो, तेव्हा त्याची पहिली गाठ पडते ती जन्मजात प्रतिकारशक्तीशी, म्हणजे शत्रूची पूर्वओळख नसतानाही काही तासांत कामाला लागणाऱ्या यंत्रणेशी. बाधित पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडून शेजारच्या पेशींना सावध करते आणि त्या पेशी ‘पीकेआर’ या विकराचा साठा वाढवतात. विषाणूची जनुके वाचली जाताना तयार होणारा दुहेरी धाग्यांचा आरएनए दिसताच हे विकर ‘ईआयएफ-२’ या घटकाला निकामी करते; परिणामी पेशीतील प्रथिननिर्मितीच थांबते, आणि प्रथिनांसाठी पेशीवरच विसंबलेल्या विषाणूची वाढ खुंटते.

देवीच्या विषाणूच्या कुळातला लम्पीचा विषाणू मात्र सुमारे दीड लाख अक्षरजोड्यांच्या जनुकसंचात १५६ जनुके बाळगतो आणि त्यांतली कित्येक जनुके निव्वळ या पहाऱ्याला चकवण्यासाठी असतात. एक प्रथिन दुहेरी आरएनए झाकून ठेवते, दुसरे ‘ईआयएफ-२’च्या एका भागाचा तोतया बनून पीकेआरला स्वतःत गुंतवते, पेशीबाहेर सोडलेली काही प्रथिने इंटरफेरॉनला वाटेतच अडवतात, तर ‘इंटरल्यूकिन-१०’शी साम्य असलेले आणखी एक प्रथिन दाह शमवणाऱ्या संदेशाची नक्कल करते.

या डावपेचांनी प्रतिकारशक्ती कायमची हरत नाही, कारण पुढे प्रतिपिंडे आणि टी-पेशी मैदानात उतरतात व बहुसंख्य जनावरे बरी होतात. विषाणूला हवी असते ती मधल्या काळातली उसंत. लसीकरण नेमकी हीच उसंत हिरावून घेते. शेळ्यांच्या देवीचा विषाणू लम्पीचा इतका जवळचा नातलग आहे की त्याच्यापासून केलेली लस गायींनाही उपयोगी पडते. मात्र पुरेसे संरक्षण तयार होण्यास साधारण तीन आठवडे लागत असल्याने बाधित गावाभोवतीच्या पाच किलोमीटर परिघातील निरोगी जनावरांना आधीच टोचणे महत्त्वाचे ठरते, आणि अंगावर गाठी दिसल्यावर केलेली धावपळ त्या जनावराच्या फारशी कामी येत नाही.