पर्वताबरोबर बदलणारे पक्षी

अमेरिकेच्या पश्चिम भागात रॉकी पर्वताच्या रांगा उत्तर-दक्षिण पसरल्या आहेत. कोलोरॅडो राज्यातील त्यांचा काही भाग १९१५ साली 'रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान' म्हणून राखून ठेवण्यात आला. या उद्यानातून ट्रेल रिज नावाचा घाटरस्ता जातो. त्याचे सर्वांत उंच ठिकाण ३,७१३ मीटरवर आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे हा रस्ता त्याच्या दुपटीहूनही उंच जातो! हिवाळ्यात बर्फामुळे त्याचा वरचा भाग बंद असतो. उन्हाळ्यात तो खुला झाला, की पक्षिनिरीक्षक दुर्बिणी घेऊन निघतात.

दर हजार मीटर चढले, की हवा साधारणपणे साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होते. त्यामुळे उंचीप्रमाणे झाडे बदलतात आणि झाडांबरोबर पक्षीही बदलतात.

पायथ्याजवळ पाँडेरोसा पाइनची उंच झाडे आहेत. पिग्मी नटहॅच हा चिमुकला पक्षी त्यांच्या सालीच्या फटींतील किडे टिपत असतो. आणखी वर वाऱ्याने वाकलेले लिंबर पाइन दिसतात. तेथे कर्कश ओरडणारा, राखी अंगाचा नटक्रॅकर भेटतो. हा कावळ्याच्या कुळातला पक्षी. पाइनच्या बिया तो जिभेखालच्या पिशवीत साठवतो आणि दूर नेऊन थोड्या थोड्या जमिनीत पुरतो. एका हंगामात तो अशा हजारो बिया पुरतो. पुढे बर्फ पडले, तरी आसपासच्या खुणा आठवून तो त्या शोधून काढतो. लिंबर पाइनच्या जड बिया वाऱ्याने दूर जात नाहीत. मग नवी झाडे उगवतात कशी? नटक्रॅकरने पुरलेल्या, पण न खाल्लेल्या बियांतून!

सुमारे ३,५०० मीटरनंतर झाडे संपतात. पुढे खुरटे गवत, इवलीशी फुले आणि खडक. याला टुंड्रा म्हणतात. येथे तित्तिराच्या कुळातला, पांढऱ्या शेपटीचा टार्मिगन राहतो. उन्हाळ्यात तो दगडांसारखा करडा-तपकिरी, तर हिवाळ्यात बर्फासारखा शुभ्र असतो. त्याच्या पायांच्या बोटांवरही पिसे असतात. कडाक्याच्या थंडीत तो बर्फात खळगा करून बसतो; पर्वत मात्र सोडत नाही.

आता पृथ्वीचे तापमान वाढत आहे. खालचे पक्षी थंडाव्यासाठी आणखी वर सरकू शकतील. परंतु शिखरावरच्या टार्मिगनने कोठे जायचे? वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियर परिसरातील टार्मिगनची उपजात २०२४ साली धोक्यात आलेल्या जीवांच्या यादीत घालण्यात आली.

ट्रेल रिजच्या माथ्यावर प्रवाशांना पायवाट न सोडण्याची सूचना असते. तेथे उन्हाळा अगदी थोडे दिवस टिकतो. त्यामुळे तुडवलेली वनस्पती पुन्हा वाढायला अनेक वर्षे लागतात. टार्मिगनचे अन्न आणि आसरा त्याच वनस्पतींत आहे. म्हणून जाणकार निरीक्षक पायवाटेवरच उभा राहतो आणि दुर्बिणीतून दगडांमधला पक्षी शांतपणे शोधतो.