सात सेंटिमीटरची पृथ्वी

मे महिन्याच्या तेरा-चौदा तारखेला पुण्यातल्या कुठल्याही शाळेच्या मैदानात दुपारी साडेबाराच्या सुमारास जाऊन उभं राहा. ऊन मी म्हणत असतं, समोर ध्वजस्तंभ ताठ उभा असतो आणि त्याच्या सावलीचा पत्ता नसतो. पाच मिनिटांपूर्वी ती पायथ्याच्या एका बाजूला बोटभर दिसत होती, पाच मिनिटांनी दुसऱ्या बाजूला दिसू लागेल. मधला क्षण मात्र बिनसावलीचा.

हा चमत्कार बघायला मैदानात कुणी नसतं, कारण शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागलेली असते. वर्षातून असे दोन दिवस येतात. दुसरा येतो जुलैच्या अखेरीस. तेव्हा शाळा भरलेली असते, पण आभाळही भरलेलं असतं. वेळापत्रकाने आणि पावसाने मिळून हा दिवस मुलांपासून इतका बेमालूम लपवला आहे की दहावी होऊन बाहेर पडलेल्या बहुतेकांना तो असतो हेच ठाऊक नसतं.

सूर्य रोज दुपारी डोक्यावर येतो असं आपण म्हणतो खरं, पण तो बरोब्बर डोक्यावर येतो वर्षातून दोनदाच, आणि तेही कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या पट्ट्यात. दिल्लीच्या मुलाच्या नशिबात हा दिवस कधीच नाही. महाराष्ट्र मात्र सबंधच्या सबंध कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपल्या प्रत्येक गावाला, वाडीला, पाड्याला हे दोन दिवस मिळतात. फक्त तारीख वेगळी. गोव्यावरून निघालेला सूर्य मेच्या तीन-चार तारखेला सावंतवाडीच्या माथ्यावर असतो, सहा-सातला कोल्हापूरच्या, पंधराच्या आसपास मुंबईच्या, विसाच्या सुमारास नाशिकच्या आणि सव्वीसच्या आसपास नागपूरच्या. मेच्या सुरुवातीला तो रोज साधारण तीस किलोमीटर उत्तरेला सरकतो, म्हणजे माउलींच्या पालखीचा पुणे ते सासवड हा लांबलचक टप्पा असतो, जवळजवळ तेवढा. विदर्भात पोचेपर्यंत त्याची चाल मंदावते आणि दिवसाला अठरा-वीस किलोमीटरवर येते. २१ जूनला कर्कवृत्तावर तो थबकतो आणि आल्या वाटेने परत फिरतो.

जाताना एकदा आणि येताना एकदा, म्हणून दोन दिवस. या दोन दिवसांच्या मधल्या काळात, पुण्यात साधारण अडीच महिने, दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. एरवी वर्षभर ती उत्तरेला असते. आपल्या सावलीने दिशा बदलावी आणि आपल्याला पत्ताही नसावा, याची मला गंमत वाटते आणि थोडी लाजही.

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारेल, की सूर्य डोक्यावर यायला साडेबारा का वाजतात, बारा का नाही? आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत आणि महाराष्ट्र त्या रेषेच्या बराच पश्चिमेला आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. त्यामुळे मेमध्ये नागपूरची खरी मध्यान्ह बारा-दहाच्या सुमारास होते, पुण्याची बारा-एकतीसला, मुंबईची बारा-पस्तीसला. मुंबईकरांना तर हा हिशेब पटला नव्हता म्हणा किंवा मान्य नव्हता म्हणा. भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ त्या शहरात १९५५ पर्यंत चालू होता.

हे सगळं पाहायला लागतं काय? एक काठी. आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात तिला शंकू म्हणत. बारा अंगुळांचा शंकू सपाट जमिनीवर रोवायचा आणि सावली मोजायची. दिवस आणि रात्र सारखे असतात त्या दिवशी, म्हणजे २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास, मध्यान्हीची जी सावली पडते तिला पलभा म्हणतात. पुण्याची पलभा जवळपास नेमकी चार अंगुळं येते. बारास चार हे प्रमाण कोनात मांडलं तर साडेअठरा अंश होतात, आणि पुण्याचा अक्षांश तेवढाच आहे. म्हणजे आपण पृथ्वीच्या पाठीवर विषुववृत्तापासून किती वर आहोत, हे सांगायला उपग्रह लागत नाही, बारा बोटांची काठी पुरते. आणि मार्चात काय, सप्टेंबरात काय, शाळा चालूच असते.

बहुतेक शाळांत विज्ञान मंडळ असतं. पावसाळ्यात त्याचं उद्घाटन होतं, पाहुणे येतात, नारळ फुटतो, फलकावर अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशी नावं रंगतात, आणि मग ते मंडळ फलकावरच वर्ष काढतं. उपकरणं नाहीत, निधी नाही, तासिका नाही ही कारणं खोटी नाहीत. पण मला विचाराल तर मंडळाला एक मीटरची काठी, एक ओळंबा आणि दुसऱ्या गावातल्या एका शाळेचा फोन नंबर एवढंच भांडवल द्यावं. कारण एका काठीने आपलं गाव मोजता येतं. दोन गावांतल्या दोन काठ्यांनी पृथ्वी मोजता येते.

ही युक्ती सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची आहे. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख इरॅटोस्थेनिस याला कळलं होतं की दक्षिणेकडच्या सायीनी गावात, आजच्या अस्वानमध्ये, उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी मध्यान्हीला सूर्य माथ्यावर येतो. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडते. तिचा कोन त्याने मोजला, तो वर्तुळाचा पन्नासावा भाग भरला. दोन गावांतलं अंतर ५,००० स्टेडिया. म्हणून पृथ्वीचा घेर त्याच्या पन्नासपट, अडीच लाख स्टेडिया. त्याचा स्टेडियम नेमका किती लांबीचा होता यावर पंडितांचे वाद आहेत, ते त्यांना लखलाभ. युक्ती बिनचूक आहे.

आता नकाशावर सावंतवाडी आणि नाशिक शोधा. दोन्ही गावं जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, एक बरोबर दुसऱ्याच्या उत्तरेला. अभ्यासासाठी कुणी मुद्दाम मांडून ठेवावीत अशी. सरळ उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४५३ किलोमीटर. हे अंतर नकाशावरून घ्यायचं, एसटीच्या रस्त्याने नव्हे. घाटांची वळणं मोजली तर पृथ्वी भलतीच फुगेल. ज्या दिवशी सावंतवाडीत सावली शून्य होते, त्या दिवशी त्याच मिनिटाला नाशिकमध्ये एक मीटरच्या काठीची सावली सात सेंटिमीटरच्या जरा पुढे असते. दहावीचा मुलगा त्रिकोणमितीने कोन काढेल. सहावीतली मुलगी आलेखाच्या कागदावर त्रिकोण काढून कोनमापक लावेल. दोघांनाही ४.१ अंश मिळतील. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश, त्यात असे साधारण ८८ तुकडे बसतात. ८८ गुणिले ४५३ म्हणजे ३९,८६४ किलोमीटर. ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा खरा घेर ४०,००८ किलोमीटर आहे.

हा आकडा वहीत उतरतो तेव्हा काय झालं ते नीट लक्षात घ्या. नाशिकच्या मुलांनी जी सावली मोजली ती करंगळीएवढी होती.

प्रत्यक्षात हिशेब इतका गुळगुळीत येत नाही, आणि खरी मजा तिथेच सुरू होते. सावली नेमकी संपते कुठे? चार मुलं वाकून बघतात आणि चार जागी खडूची खूण करतात. भांडण होतं. त्यात चूक कुणाचीच नसते, कारण सूर्य हा ठिपका नाही. आपल्याला तो अर्ध्या अंशाची थाळी म्हणून दिसतो, त्यामुळे मीटरभर उंचीवरच्या टोकाची सावली जमिनीवर जवळजवळ नऊ मिलिमीटर पुसट होत जाते. सात सेंटिमीटरमध्ये अर्धा सेंटिमीटर चुकला की पृथ्वी अडीच-तीन हजार किलोमीटरनी लहान-मोठी होते! यावर उपाय सोपा आहे. काठीच्या टोकाला पुठ्ठा आडवा लावायचा आणि त्याला बारीक भोक पाडायचं. मग सावलीत प्रकाशाचा एक गोल कवडसा पडतो. तो कवडसा म्हणजे सूर्याचं चित्रच असतं. त्याच्या मध्यावर खूण करायची. आंब्याखाली दुपारी जे गोल गोल कवडसे पडतात तीही पानांच्या फटींतून उतरलेली सूर्याची चित्रंच. (सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे मुलांना दहादा सांगावं. या प्रयोगात तशी गरजही पडत नाही, सगळा वेळ मान खाली असते.)

मध्यान्ह कधी झाली हेही घड्याळाला विचारू नये. बारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी खुणा करत राहायचं. सगळ्यांत आखूड सावलीची खूण, ती मध्यान्ह.

मुलांच्या हातातल्या मीटरपट्टीची गोष्ट तर आणखी अजब आहे. १७९१ साली फ्रान्समध्ये मीटर ठरवला गेला तो पृथ्वीवरूनच. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर असा गोळाबेरीज केल्यासारखा येतो, तो योगायोग नाही. मुलं पृथ्वी मोजतात ती पृथ्वीच्याच एका तुकड्याने.

आणि या मोजणीचं एक टोक विदर्भात आहे. विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पृथ्वीच्या वक्रतेची मोजणी सुरू केली. सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट वाहून नेत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. हे काम त्याच्या पश्चात थेट हिमालयापर्यंत गेलं. लॅम्बटन मात्र जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याचं थडगं तिथेच आहे. हिंगणघाटच्या शाळांना याहून चांगला सहलीचा विषय सापडायचा नाही.

आता एक तिरपा प्रश्न. पृथ्वी गोल आहे हे आपण आधीच धरून चाललो. एखादी मुलगी म्हणाली, “सर, पृथ्वी सपाट असेल आणि सूर्य जवळ असेल, तरी नाशिकला सावली पडेलच की,” तर तिला गप्प बसवू नका. ती बरोबर बोलते आहे. सपाट पृथ्वी धरली तर त्याच सात सेंटिमीटरवरून सूर्य सुमारे ६,३०० किलोमीटर उंचीवर निघतो. एका दिवसाच्या मोजणीने हा वाद मिटत नाही. म्हणून हाच प्रयोग २२ डिसेंबरला पुन्हा करायचा. त्या दिवशी मीटरच्या काठीची सावली नाशिकला ९४.६ सेंटिमीटर येते, सावंतवाडीला ८१.९. सपाट पृथ्वीच्या हिशेबाने आता सूर्य साडेतीन हजार किलोमीटरवर उतरला पाहिजे, म्हणजे मेपेक्षा जवळजवळ निम्म्यावर. तसं झालं असतं तर डिसेंबरात तो आकाराने चांगलाच मोठा दिसला असता. गोल पृथ्वीच्या हिशेबाने कोन आहेत ४३.४ आणि ३९.३, आणि दोघांतला फरक किती? तोच, ४.१. मेमध्ये जेवढा होता तेवढाच. दोन शाळा आणि दोन दुपारी एवढ्यात पृथ्वीचा आकार मुलांच्या हाती लागतो, पुस्तकात लिहिलंय म्हणून मान्य करावा लागत नाही.

शिवाय डिसेंबरात सुट्टीची आणि पावसाची, दोन्ही सबबी चालत नाहीत. आभाळ निरभ्र, शाळा चालू.

अशा कामाला शाळेबाहेरची माणसंही मिळतात. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणते आहे. ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेत दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं होत आली, आणि मुलांनी स्वतःच्या हाताने प्रयोग करावेत म्हणून तिथे पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांकडे मुलं सही मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर मला एक प्रश्न पाठव, उत्तराखाली सही मिळेल. प्रश्न दिल्याशिवाय सही नाही! शाळेच्या मंडळासाठी नियम करायचा तर मी हाच करीन.

पण माझा जीव जडलाय तो त्या दुसऱ्या शाळेवर. एकट्याने पाठांतर होतं, चित्र निघतं, पेटी शिकता येते. पृथ्वी एकट्याने मोजता येत नाही, ती इरॅटोस्थेनिसलाही आली नाही. नाशिकच्या मुलांना सावंतवाडीतल्या, कधीही न पाहिलेल्या मुलांच्या खडूच्या खुणेवर भिस्त ठेवावी लागते आणि सावंतवाडीच्या मुलांना त्यांच्या. एका बाजूने आकडा गोड करून कळवला की दोघांचीही पृथ्वी वाकडी होते.

तेव्हा गुरुजी, बाई, येत्या २२ डिसेंबरला बाराच्या आधी मैदानात काठी रोवा आणि त्याच्या आठवडाभर आधी दूर दक्षिणेच्या किंवा उत्तरेच्या एखाद्या शाळेला फोन करून ठेवा. मेसाठी मात्र सुट्टी लागण्यापूर्वीच शिपाईमामांकडून गच्चीची किल्ली मागून घ्यायला विसरू नका.