पिकातले हरीण आणि अचूक काडतूस: गैरसमज आणि वस्तुस्थिती

काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडातला प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. हे भाग सुटे विकत घ्यायचे, दारू काट्यावर तोलायची आणि आपल्या रायफलीला मानवेल असे काडतूस घरीच भरायचे, हा छंद अमेरिकेत आणि युरोपात जुना आहे. कोल्ह्यापासून हरणापर्यंत सगळ्यांसाठी लहान बोअरची एकच रायफल ठेवणारे तिकडचे शिकारी त्यात बराच वेळ घालवतात. इकडे बीड-धाराशिव महामार्गावरच्या चौसाळ्यासारख्या गावात हरणाचा त्रास खराच आहे. हरभरा उगवून वर आला की काळविटांचे कळप शेंडे खुडतात आणि रात्री रानडुकरे येतात. त्यामुळे चांगली रायफल आणि नेमकी गोळी मिळाली तर काम भागेल, असे बोलले जाते. या बोलण्यात तंत्राचे काही गैरसमज आहेत आणि कायद्याचे त्याहून अधिक.

दारू जास्त भरली की गोळी जोरात जाते, हे खरे. पण जोरात जाणारी गोळी अचूक लागते, हे खरे नाही. प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच सुटली तरच ती तिच्याजवळ लागते. दारूचे वजन, पुंगळीची जाडी, गोळी किती खोल बसवली आहे आणि नळीतल्या आट्यांचा पीळ गोळीच्या लांबीला साजेसा आहे का, यांवर ते ठरते. बहुतेक वेळा सर्वांत अचूक काडतूस सर्वांत जोरकस नसते. दारू ठरलेल्या मर्यादेपेक्षा वाढवली तर नळीतला दाब वेगाने चढतो. त्याची पहिली खूण चपटा झालेला प्रायमर आणि अडकून बसलेली पुंगळी ही असते. पुढची पायरी म्हणजे फुटलेली रायफल. म्हणून एका रायफलीत उत्तम चाललेले माप दुसऱ्या रायफलीत जसेच्या तसे वापरणे धोक्याचे. एकाच कारखान्याच्या, एकाच मॉडेलच्या दोन नळ्यांतही फरक असतो.

तीन गोळ्या नाण्याएवढ्या जागेत लागल्या म्हणजे काडतूस जमले, हा समज तर अनुभवी नेमबाजांतही आढळतो. इथे साधे गणित आड येते. एखाद्या रायफलीच्या तीन गोळ्यांचा गट सरासरी 24 मिलिमीटर पडत असेल, तर काहीही न बदलता पाच गोळ्यांचा गट सुमारे 31 आणि दहा गोळ्यांचा सुमारे 38 मिलिमीटर पडतो. गोळ्या वाढल्या की एखादी लांब जाण्याची संधीही वाढते. त्यामुळे तीन गोळ्यांच्या एका गटावरून दोन काडतुसांत डावे-उजवे ठरवणे आणि नाणेफेक करणे यांत फारसे अंतर नाही.

महाराष्ट्रात लहान बोअरची अचूकता खरोखर पाहायची तर ती शूटिंग रेंजवर. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. या प्रकारात 50 मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते. एवढ्या नेमाचे काडतूस नेमबाज स्वतः भरत असतील असे वाटते, पण तसे नाही. .22 च्या या काडतुसात वेगळा प्रायमर नसतो. स्फोटक मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि घोडा त्या कडेवर आपटतो. एकदा उडालेली पुंगळी घरी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. म्हणून नेमबाज कारखान्यातली तयार काडतुसेच घेतात, मात्र निवडून. रायफल शिकंजात घट्ट बसवून कारखान्याच्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसे झाडतात आणि ज्या लॉटचा गट सर्वांत लहान पडतो त्याचाच साठा उचलतात. या काडतुसाची गोळी ध्वनीच्या वेगाहून हळू जाते, हे वेगाच्या भक्तांनी लक्षात घ्यावे.

भारतात घरी काडतूस भरणे हा छंद मानला जात नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार काडतुसे बनवायला स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरत नाही. इतकेच नव्हे, तर कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही येतात. कलम 5 मोडून काडतुसे बनवल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेपेची शिक्षा आहे. परवानाधारकाने काडतुसे अधिकृत विक्रेत्याकडून, परवान्यावर नोंद करून घ्यायची. देशी काडतुसे बनवणाऱ्या जुन्या कारखान्यांपैकी एक पुण्याजवळच्या खडकीला 1869 पासून आहे.

पीक राखायला रायफलीचा परवाना मिळतो, हाही असाच एक समज. याच कायद्याच्या कलम 13 मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, आणि ती अपुरी पडते अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली तर किमान 20 इंच नळीच्या, आटे नसलेल्या बंदुकीचा. .22 रायफलीचे नाव त्या कलमात येते ते मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याने निशाण्याचा सराव करण्यापुरते. गंमत अशी की हाताने भरायचे हत्यार कायद्याने शेतकऱ्याला देऊ केलेच आहे. ठासणीच्या बंदुकीत दर वेळी तोंडातून दारू ओतायची, बोळा घालायचा, छर्रे सोडायचे आणि गजाने ठासायचे. पण नळीत आटे नसल्याने अचूकतेची बातच नको. छर्रा 35-40 मीटरच्या पुढे पांगतो. तिच्यात काळीच दारू भरायची असते. काडतूस फोडून काढलेली धूररहित दारू ठासली तर नळी फुटून भरणाऱ्याचा हात किंवा डोळा जातो.

परवाना हातात असला तरी शेतात आलेले जनावर मारता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मध्ये काळवीट आणि चिंकारा अनुसूची 1 मध्ये आहेत. अनुसूची 1 मधला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. पिकाचे नुकसान हे कारण तिथे चालत नाही. काळविटाच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आणि, 2022 च्या दुरुस्तीनंतर, किमान 25 हजार रुपये दंड आहे. रानडुक्कर आणि नीलगाय अनुसूची 2 मध्ये येतात. त्यांच्याबाबत उभ्या पिकाचे नुकसान हे कारण कायद्याने मान्य केले आहे, पण मुख्य वन्यजीव रक्षकांचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी, कारणांसह आदेश आधी हवा. बिहारमध्ये केंद्राने या दोन्ही प्राण्यांना काही काळ उपद्रवी घोषित केले होते. तशी घोषणाही ठरावीक भागापुरती आणि मुदतीपुरती असते. ती सगळीकडे लागू आहे असे समजून कोणी चौसाळ्यात डुक्कर टिपले तर गुन्हाच दाखल होईल.

एअर गनला परवाना लागत नाही म्हणून ती निर्धोक, हेही अर्धसत्य आहे. 0.177 बोअरच्या, कमी ताकदीच्या एअर रायफलीला शस्त्रपरवान्यातून सूट आहे. वन्यजीव कायद्यातून नाही. त्या कायद्यात शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. जखमी करणे, फासा लावणे आणि यांतल्या कशाचाही प्रयत्न करणे, हे सारे शिकारीत मोडते.

आणि माळरान मोकळे आहे म्हणून गोळी कुणाला लागणार नाही, हा सर्वांत घातक समज. .22 ची चिमुकली गोळीसुद्धा वर कोन करून सुटली तर सुमारे दीड किलोमीटर जाऊ शकते, मोठ्या रायफलीची त्याच्या दुपटीहून लांब. बालाघाटाच्या पठारावर एवढ्या अंतरात एखादी वस्ती, शेळ्यांचा कळप किंवा राखणीला जागणारा शेजारी असतोच. कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडणे ही याच बेफिकिरीची दुसरी तऱ्हा. त्यात माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. सौर कुंपणाचे झटका यंत्र वेगळे असते. ते क्षणभराचा, थांबून थांबून झटका देते, त्यामुळे जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही.

काळविटाने खाल्लेल्या पिकाची भरपाई मिळत नाही, असे समजून अनेक जण अर्जच करत नाहीत. हरीण, काळवीट, रानडुक्कर, नीलगाय यांनी केलेल्या नुकसानीला वन विभाग अर्थसाहाय्य देतो. त्यासाठी नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे तक्रार द्यावी लागते आणि मग पंचनामा होतो. पंचनाम्याआधी रान मोडून दुबार पेरणी केली तर खुरांचे ठसे, लेंड्या आणि खुडलेले शेंडे हा पुरावा जातो. म्हणून सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत त्याच सकाळी काढलेले फोटो जोडलेले बरे.